कारण माहीत असलं की आजार नसतो का?

तासगाव तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने सांगलीला कॉलेजला येणाऱ्या, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्या मुलीचा हा प्रश्न आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ‘अण्णांची अडीच एकर द्राक्षबाग. ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला आणि निम्मी बाग गळ-कुजीत गेली. गेल्या वर्षीच्या मालाचे पैसे व्यापाऱ्याने अजून दिले नाहीत, सोसायटीचं कर्ज थकलंय. सुरुवातीला अण्णा रात्री तीनला उठून बॅटरी घेऊन बागेत जायचे, सगळ्यांवर चिडायचे. आता महिना झाला, चिडत नाहीत, बागेतही जात नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. संध्याकाळी थोडी घेतात. आई म्हणते, टेन्शन आहे, पैसे आले की उतरेल, आणि आता निदान शांत तरी झालेत. आमच्या पुस्तकात ताणाला सामोरं जायचे दोन प्रकार आहेत, समस्या-केंद्रित, म्हणजे अडचणीवरच काम करणं, आणि भावना-केंद्रित, म्हणजे मन सांभाळणं. अण्णांचा कुठला? आणि हा ताण आहे की डिप्रेशन? कारण तर आम्हाला माहीत आहे.’

पोरी, तुझ्या पुस्तकाकडे मी नंतर येते. ‘निदान शांत तरी झालेत’ या वाक्यापाशी मी थांबले, आणि बावीस वर्षं सांगलीत मनाच्या आजारांच्या कामात काढलेलं कुणीही तिथेच थांबेल. रात्री तीनला बॅटरी घेऊन पानं उलटी करून द्राक्षावरच्या डाऊनी रोगाची पांढरी बुरशी शोधणारा माणूस ताणात असतो, पण तो लढत असतो. तोच माणूस बागेकडे फिरकायचा बंद झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला, तर ती शांतता मला चिडचिडीपेक्षा जास्त काळजीची वाटते. प्रश्न वाचून निदान करता येत नाही, करूही नये. पण थांबून बघण्याची वेळ गेली आहे, एवढं मी सांगू शकते.

म्हणून आधी एक काम. बागेतल्या किंवा घराशेजारच्या ज्या खोलीत फवारणीची औषधं ठेवता, तिला आज कुलूप लावा आणि किल्ली चुलत्याकडे किंवा शेजारच्या घरी ठेवा. गाजावाजा नको, अण्णांशी वादही नको. फवारणी करायची असेल तेव्हा गड्याने किल्ली आणावी, लागेल तेवढंच काढावं. मरणाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो, तासा-दोन तासांत ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर फार काही ठरतं.

दुसरं, त्यांना विचारायचं. तुला जमत नसेल तर मामाने किंवा त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या बागायतदार मित्राने विचारावं, पण आडून नाही, सरळ: ‘अण्णा, जगायचा कंटाळा आलाय का? मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि ती चुकीची आहे. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ‘माझ्यामागं तुमचं कसं व्हायचं’ अशी भाषा आली, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्र असेल तर १४४१६ वर फोन लावा. ही टेली-मानस नावाची सरकारी मोफत सेवा आहे, २०२२ पासून चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं. पोलीस केस होईल ही धास्तीही मनातून काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतात. मग नुसता विचार बोलून दाखवल्याने तर काहीच होत नाही.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू शेवटी पाच शब्दांत विचारलास: ‘कारण तर आम्हाला माहीत आहे.’ माझ्याकडे येणारी निम्मी घरं याच वाक्यावर महिनोन् महिने काढतात. बागेचं टेन्शन, लेकीच्या लग्नाचं टेन्शन, पोराला नोकरी नाही त्याचं टेन्शन. कारण सापडलं की आजार नाही असं आपण धरून चालतो आणि कारण जाईल तेव्हा माणूस बरा होईल म्हणून वाट बघतो. तू सांगलीला येतेस, कृष्णेवरचा आयर्विन पूल पाहिला असशील. तिथे ४० फुटांना इशारा पातळी आहे, ४५ फुटांना धोका पातळी. पावसाळ्यात पाणी का वाढतंय हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: वर पाऊस आहे, कोयनेचे दरवाजे उघडलेत. म्हणून ४५ फुटांवर कुणी ‘हा पूर नव्हे, कारण माहीत आहे’ म्हणत घरात बसत नाही. आधी माणसं हलवतात, जनावरं हलवतात.

शास्त्रातही हा वाद झालेला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत बरीच वर्षं अशी सवलत होती की, जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने उदासीची लक्षणं दिसली, तरी सहसा डिप्रेशनचं निदान करायचं नाही, कारण ते दुःख आहे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती सवलत काढून टाकली. दुःखालाही आता आजार ठरवणार का, म्हणून टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. तेराव्यापर्यंत न जेवलेल्या बाईच्या हातात गोळ्या ठेवाव्यात असं मलाही वाटत नाही. पण मागचा मुद्दा खरा आहे. डोळ्यांसमोर कारण दिसत असतानाही आजार होऊ शकतो, आणि तो झाला की कारणापासून सुटून स्वतःच्या पायावर चालू लागतो. व्यापाऱ्याने उद्या सगळे पैसे आणून दिले तरी अण्णा उठून बसतील, याची खात्री मी देणार नाही. पैसे आल्यावरही माणूस तसाच पडून राहिलेला मी पाहिला आहे. मग घरचे आणखी घाबरतात, कारण आता सांगायला कारणही उरलेलं नसतं.

मग ओळखायचं कसं? सलग दोन आठवडे, दिवसातला बराचसा वेळ, उदास मन किंवा कशातच रस नसणं, या दोनांपैकी एक तरी हवं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, हालचाल-बोलणं मंद होणं किंवा उलट बेचैनी, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार. एकूण नऊपैकी पाच. पुस्तकात हे तुला मिळेल. पण आपल्याकडचा माणूस या भाषेत बोलत नाही. आमच्या ओपीडीत ‘मला उदास वाटतंय’ म्हणणारा शेतकरी मी बोटावर मोजण्याइतका पाहिला. तो म्हणतो, ‘जेवण ग्वाड लागंना.’ ‘करमंना झालंय.’ ‘डोकं सुन्न झालंया.’ ‘छातीवर दगड ठेवल्यागत होतंय.’ यातलं ‘ग्वाड लागंना’ म्हणजे रस जाण्याचं लक्षण जसंच्या तसं आहे. अण्णा अलीकडे काय म्हणतात ते आठव आणि त्यांच्याच शब्दांत कागदावर लिही. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

एक माणूस अजून डोळ्यांसमोर आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पोटात जळजळ म्हणून आला होता, मिरजेला दुर्बिणीतून तपासणी झाली होती, पोटात काही निघालं नव्हतं. मी सहज विचारलं, ‘बाग किती?’ तो गप्प. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग त्याने सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं आणि तिने सांगितलं, ‘तीन एकर.’ ज्याने वीस वर्षं प्रत्येक ओळीतली वेल नि वेल ओळखली, त्याला बागेचा आकडा सांगायला बायको लागली. हातांच्या घड्या घालून बसला होता, नखांच्या कडेला बोर्डो या फवारणीच्या औषधाचा निळसर डाग तसाच होता, आणि पूर्ण पाऊण तासात त्याने हात एकदाही सोडले नाहीत. नुसता ताण असलेला माणूस तुम्हाला बागेचा हिशेब पैशापर्यंत ऐकवेल, वर व्यापाऱ्याला दोन शिव्या घालेल.

माझी चूकही सांगते. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एकाला मी चार आठवडे श्वासाचे व्यायाम आणि शिथिलीकरण शिकवत बसले. कारण उघड होतं, कर्ज होतं, म्हणून हा ताणच असं मीही धरलं. पाचव्या आठवड्यात तो आला तेव्हा सहा किलोने उतरला होता. त्याला पहिल्याच आठवड्यात मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवायला हवं होतं. तेव्हापासून मी ‘का झालं’च्या आधी ‘किती झालं आणि किती दिवस’ हे विचारते.

आता पुस्तकाकडे. ‘टेन्शन’ हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो: बाहेरचा ताणकारक, शरीर-मनाची प्रतिक्रिया आणि त्यातून कधीकधी होणारा आजार. ताण म्हणजे वाईटच, हेही खरं नाही, आणि ते तुला पुस्तकापेक्षा आटपाडीचा डाळिंबवाला चांगलं सांगेल. बहार धरायचा तर तो मुद्दाम पाणी तोडतो, ‘बागेला ताण देतो’ हाच शब्द वापरतो. ताण बसल्याशिवाय झाड फुलावर येत नाही. पण हलक्या जमिनीत थोडेच दिवस ताण द्यायचा असतो, भारी काळ्या जमिनीत जास्त, आणि मुदत चुकली की फांद्या वाळतात. ताण तोच, जमीन कुठली यावर सगळं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ च्या ग्रंथात मांडलेलं दुहेरी मूल्यमापन यापेक्षा फार वेगळं नाही. माणूस आधी तोलतो की यात माझं काही जाणार आहे का, आणि मग तोलतो की माझ्या हातात काय आहे. अण्णांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असं झालंय.

शरीराचं थोडक्यात. हान्स सेलिये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरून दाखवलं की थंडी असो, इजा असो की विष, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो. आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार, मग दमछाक. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन काही सेकंदांत सुटतं, कॉर्टिसॉल मागून काही मिनिटांनी चढतं. ते महिनोन् महिने वरच राहिलं की झोप, रक्तदाब, साखर, सगळ्यावर परिणाम होतो. परीक्षेत तीन टप्पे लिही, मार्क मिळतील. पण प्रत्येक आजार या तीन पायऱ्यांनी शिस्तीत येतो, असं समजू नकोस.

होम्स आणि राहे यांची १९६७ ची, ताण देणाऱ्या ४३ घटनांना गुण देणारी यादीही तुला असेल. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, कर्जापायी तारण जप्त होणं ३०. या यादीत नाताळलाही १२ गुण आहेत. अवकाळी पाऊस, पळालेला व्यापारी यांना जागा नाही, आणि असायचं कारणही नाही, ती अमेरिकेत तयार झाली. बेरीज करत बसू नकोस.

समस्या-केंद्रित की भावना-केंद्रित? बहुतेक विद्यार्थी हे ‘चांगलं आणि वाईट’ असं पाठ करतात. तसं नाही. फोकमन आणि लाझारस यांनी १९८० मध्ये शंभर मध्यमवयीन माणसांच्या रोजच्या अडचणी वर्षभर तपासल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक प्रसंगात माणसं दोन्ही प्रकार एकत्र वापरताना दिसली. हातात असलेल्या गोष्टीशी झुंजावं, हातात नसलेल्या गोष्टीसाठी मन सांभाळावं. गफलत होते ती उलटं केल्यावर. मोबाइलवर दर तासाला हवामान बघणं हे काम केल्यासारखं वाटतं, पण त्याने ढग हलत नाहीत. आणि सोसायटीच्या सचिवाला भेटून कर्जाचं पुनर्गठन होतं का, पीकविम्याचा पंचनामा झाला का, हे विचारणं हातात असताना ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून बसणं, हा झाला दुसऱ्या बाजूचा घोळ. दारू भावना-केंद्रित आहे आणि वाईट व्यवहार आहे: पटकन झोप लावते, पण उत्तररात्रीची झोप मोडते. तीनला जाग येणाऱ्याला तर आणखीच. मात्र रोज जास्त पिणाऱ्याची घरच्या घरी एकदम बंद करू नका. हातपाय कापणं, कधी फिट येणं असं होऊ शकतं. किती घेतात ते डॉक्टरांना खरं सांगा.

अण्णांचा प्रकार कुठला, तर आत्ता कुठलाच नाही. सामोरं जायची यंत्रणाच बंद पडली आहे. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. ज्यांना सुटका नसलेला विजेचा झटका मिळाला होता, त्यातली बरीच कुत्री नंतर उडी मारून सुटणं शक्य असतानाही बसून राहिली. याला शिकलेली असहायता म्हणतात. बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात. गंमत म्हणजे त्याच दोघांनी २०१६ मध्ये आपलंच म्हणणं उलटं केलं: हतबल होऊन बसणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावी लागते ती ‘माझ्या हाताने काहीतरी बदलतं’ ही गोष्ट. म्हणून आम्ही ‘मन घट्ट करा’ म्हणत नाही, हाताला काम देतो. पण किती? सगळी बाग नाही. एक ओळ. सकाळी चहा झाला की तू किंवा भाऊ बरोबर जा, एका ओळीतले कुजलेले घड काढा आणि परत या. मूड आला की काम, असं नाही. आधी काम, मूड मागून. उपचार सुरू झाल्यावर हे जास्त जमतं, तीव्र अवस्थेत ओढूनताणून करू नका.

दवाखान्यात न्यायचं कसं, हे तू विचारलं नाहीस पण अडणार तिथेच. ‘मानसोपचार’ शब्दावर भांडू नका. झोपेवरून सुरुवात करा, ते खोटंही नाही. सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, खासगी तज्ज्ञही पुष्कळ आहेत. थायरॉइड, साखर, बी-१२ यांच्या तपासण्या सांगतील, त्या करा, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच पडून राहतो. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणली असेल तर पाकीट बरोबर न्या. तिची सवय लागते. डिप्रेशनच्या गोळ्या वेगळ्या, त्यांची नशा नसते. पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, तिथेच बरेच लोक सोडतात. बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने चालू ठेवाव्या लागतात. कर्जाचं काम आणि औषधाचं काम दोन्ही एकदम चालू द्या. अण्णांच्या वतीने सोसायटीत मामा जाऊ शकतात, गोळी मात्र अण्णांनीच घ्यायची आहे.

आणि तू. प्रश्न लिहिताना अण्णा रात्री तीनला उठतात हे तुला माहीत होतं, म्हणजे तूही जागी होतीस. आई, भाऊ आणि तू, रात्री वाटून घ्या. एकीच्याच झोपेवर हे घर चालवू नका.

सुधारणेचा क्रम साधारण असा असतो: आधी झोप, मग जेवण, मन सगळ्यात शेवटी. अंगात बळ आधी येतं आणि विचार मागे रेंगाळतात, म्हणून पहिले काही आठवडे ते उठून फिरू लागले तरी खोलीचं कुलूप काढू नका. आणि एखाद्या सकाळी अण्णा बागेतून येऊन ‘पानाखाली डाऊनी दिसतीया, कुणी बघितलं न्हाई का रं’ म्हणून गड्यावर ओरडले, तर आईला म्हणावं, आज चहात साखर जरा जास्त टाक.